सांतियागोला चार मिनिटं

२ ऑगस्ट १९४७. संध्याकाळचे ५ वाजून ४१ मिनिटं झाली होती. चिलीमधल्या सांतियागोच्या विमानतळावर बिनतारी यंत्रापाशी बसलेल्या माणसाच्या कानात मोर्सची टिकटिक सुरू झाली. दुपारी १ वाजून ४६ मिनिटांनी ब्वेनोस आइरेसहून निघालेलं ‘स्टार डस्ट’ हे ब्रिटिश विमान बोलत होतं. ५.४५ ला पोचतो, असा निरोप होता. म्हणजे चारच मिनिटं राहिली होती. निरोपाच्या शेवटी एक चमत्कारिक शब्द आला, ‘स्टेंडेक’. ऐकणाऱ्याला काही बोध होईना. त्यानं परत विचारलं. परत तेच, खणखणीत आणि भरभर. तिसऱ्यांदाही तेच.

पावणेसहा झाले. सहा झाले. विमान काही आलं नाही.

शोध घेतला गेला, डोंगर पालथे घातले गेले. अकरा माणसांसह एक अख्खं विमान विमानतळापासून चार मिनिटांवर असताना गडप होतं म्हणजे काय? प्रवाशांमध्ये ब्रिटिश सरकारची गोपनीय कागदपत्रं नेणारा एक दूत होता. दुसऱ्या एकाच्या कोटाच्या अस्तरात हिरा शिवलेला होता अशी वदंता होती. मग काय, घातपातापासून परग्रहावरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला. ‘स्टेंडेक’ची अक्षरं उलटसुलट लावून पाहणारे लोक आजही आहेत. मला तो शब्द मुळीच महत्त्वाचा वाटत नाही. त्या निरोपातलं खरं कोडं आहे ते ‘५.४५’ या आकड्यात.

कारण तो आकडा पाठवला गेला तेव्हा विमान सांतियागोच्या माथ्यावर नव्हतंच. ते होतं तिथून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला, अँडीज पर्वताच्या अलीकडे. आतल्या लोकांची मात्र पक्की खात्री होती की पर्वत मागे पडला.

हे कसं होतं ते कोकणातल्या तरीवाल्याला एका वाक्यात सांगता येईल. खाडीत ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत असतं तेव्हा वरच्या अंगाला जायचं तर तो हात दुखेपर्यंत वल्ही मारतो आणि होडी जागच्या जागी असते. पण तरीवाल्याला काठावरचा माड दिसतो. माड मागे सरकत नाही हे पाहून त्याला कळतं की आपण पुढे जात नाही. स्टार डस्टच्या खाली ढगांची गादी पसरलेली होती. माड नाही, काठ नाही. अशा वेळी वैमानिकाच्या हातात तीनच गोष्टी उरतात: होकायंत्र, वेगदर्शक आणि घड्याळ. या दिशेनं, या वेगानं, इतका वेळ गेलो, म्हणजे अमुक ठिकाणी असणार. गोम अशी की विमानाचा वेगदर्शक काटा हवेच्या तुलनेत वेग दाखवतो, जमिनीच्या तुलनेत नाही. हवाच जर समोरून धावत येत असेल तर काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देत राहतो.

स्टार डस्ट हे लँकेस्टर या युद्धातल्या बाँबफेकी विमानाचं नागरी भावंड, लँकेस्ट्रियन. त्या काळच्या बहुतेक प्रवासी विमानांना पेलणार नाही इतकी उंची ते गाठू शकत होतं. खराब हवा टाळायला ते २४,००० फुटांवर चढलं. हे शहाणपणाचंच होतं. पण दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा आणि त्या उंचीवर पश्चिमेकडून एक नदी वाहत होती, हवेची. ब्वेनोस आइरेस ते सांतियागो हे अंतर नकाशावर ११०० किलोमीटरच्या थोडं वर भरतं. त्या दुपारी ते वाढलं होतं असं म्हटलं तरी चालेल. घड्याळाच्या हिशेबानं पर्वत ओलांडला गेला, विमान ढगात खाली उतरू लागलं आणि समोर साडेसहा हजार मीटरहून उंच तुपुंगातो उभा होता.

दैवाचा खेळ असा की या नदीची नोंद एकवीस वर्षांपूर्वीच छापून झाली होती. आकड्यांसह, आलेखांसह. फक्त एस्पेरांतो भाषेत.

ती छापणारा माणूस होता वासाबुरो ओइशी. टोकियोच्या ईशान्येला कांतोच्या मैदानात तातेनो नावाचं गाव आहे. १९२० साली तिथे उंच हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा उभी राहिली आणि ओइशी तिचे पहिले प्रमुख झाले. त्याआधी ते जर्मनीत लिंडेनबर्गच्या नामांकित वेधशाळेत शिकून आले होते. पद्धत साधी होती. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचा, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा पिच्छा पुरवायचा, दर मिनिटाला तो किती कोनात आणि कुठल्या दिशेला आहे ते टिपायचं. फुगा ठरावीक गतीनं वर चढतो असं धरलं की बाकीचं त्रिकोणमिती सांगते. आपल्याकडेही हवामान खात्याचे लोक हाच उद्योग करत. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं आणि ‘शिमला ऑफिस’ हे नाव पुण्याच्या बसथांब्यांवर कायमचं चिकटलं.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे ढग. फुगा ढगात शिरला की वेध संपला. पण कांतोच्या मैदानात हिवाळा कोरडा असतो, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी तीन-चार किलोमीटरवर दिसेनासे होणारे फुगे ओइशींना नऊ-दहा किलोमीटरपर्यंत दिसत राहिले. मार्च १९२३ ते फेब्रुवारी १९२५ या काळात त्यांनी १२८८ वेध घेतले. १९२४ च्या डिसेंबरात एके दिवशी नऊ किलोमीटरच्या आसपास पोचलेला फुगा पूर्वेकडे असा पळाला की आकडेमोड करणाऱ्याला स्वतःच्या पेन्सिलीचा संशय यावा. सेकंदाला सत्तर मीटर. ताशी अडीचशे किलोमीटर. खाली जमिनीवर असा वारा आला तर घरंदारं उडून जातील. आणि हा तर वादळबिदळ काही नसताना, निळ्या आभाळात, मुकाट्यानं वाहत होता. तोही एखाद्या दिवशी नव्हे. हिवाळाभर.

शंका घ्यायला जागा होती. फुग्याला बारीक भोक असेल, तो आपण धरतो तितक्या वेगानं चढत नसेल, तर वाऱ्याचा वेग फुगून दिसतो. ओइशींनी एका फुग्यावर विसंबून काही म्हटलं नाही. ऋतूंप्रमाणे सरासरी काढली आणि हिवाळ्याची रेघ आलेखाच्या कडेला जाऊन टेकली ती टेकलीच. १९२६ साली त्यांनी वेधशाळेचा अहवाल काढला. जपानीत लिहिलं तर बाहेर कोणी वाचणार नाही हे ते जाणून होते. पण इंग्रजी किंवा जर्मन न निवडता त्यांनी निवडली एस्पेरांतो, साऱ्या जगाची समान भाषा व्हावी म्हणून घडवलेली भाषा. ते त्या चळवळीतले निष्ठावंत होते, पुढे जपानच्या एस्पेरांतो संस्थेचे प्रमुखही झाले. सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी जी भाषा घेतली ती जवळपास कोणालाच येत नव्हती.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि हसतात. मला मात्र एस्पेरांतोवर सगळा दोष टाकणं पटत नाही. तोच अहवाल लंडनच्या उत्तम इंग्रजीत आला असता तरी १९२६ मध्ये तो कोणाच्या कामाचा होता? नऊ किलोमीटरवर तेव्हा कोण उडत होतं? ज्या रस्त्यावरून कुणी जात नाही तिथला पूर आला काय आणि ओसरला काय.

त्या रस्त्यावरून पहिल्यांदा गेलेल्यांपैकी एक म्हणजे वायली पोस्ट. ओक्लाहोमाच्या तेलविहिरीवर काम करताना याचा डावा डोळा गेला; नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यातून यानं पहिलं विमान घेतलं. पुढे ‘विनी मे’ या लॉकहीड व्हेगा विमानातून पठ्ठ्यानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. मग त्याला उंचीचा ध्यास लागला. लाकडी विमानात हवेचा दाब टिकवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं दाब टिकवणारा पोशाखच बनवून घेतला. पाणबुड्यासारखं गोल शिरस्त्राण, पुढे काचेची खिडकी. १५ मार्च १९३५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्बँकहून निघून तो ओहायोतल्या क्लीव्हलंडला उतरला. सव्वातीन हजार किलोमीटर अंतर त्यानं ७ तास १९ मिनिटांत कापलं. सरासरी ताशी साडेचारशे किलोमीटर, आणि मध्येमध्ये साडेपाचशेच्या घरात. ज्या विमानाची नेहमीची धाव तीनशेच्याही आत, ते असं सुटलं होतं. वरती काहीतरी मागून ढकलतंय हे पोस्टला अंगानं कळलं. पण पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अलास्कात त्याचं दुसरंच एक विमान कोसळलं आणि तो गेला. १९३९ मध्ये हाइनरिश झाइलकोफ या जर्मन हवामानतज्ज्ञानं अशा वाऱ्याला झोताच्या प्रवाहाची उपमा देऊन नावही दिलं. त्यानंतर महायुद्ध आलं.

आणि इथून पुढे गोष्ट कुणालाही हसू येणार नाही अशी होते. नोव्हेंबर १९४४. एकाच महिन्यात, एकाच वाऱ्यात, दोन शत्रू उतरले. एकाला तो वारा ठाऊक होता, दुसऱ्याला नव्हता.

ठाऊक होता तो जपानला. हिदेतोशी अराकावा या हवामानतज्ज्ञानं वरच्या वाऱ्यांचा हिशेब मांडून दिला: फुगा सोडला तर तो प्रशांत महासागर ओलांडून दोन-तीन दिवसांत अमेरिकेला लागेल. कागदाचे अजस्र फुगे तयार झाले. तुतीच्या सालीचा हातकागद, तो चिकटवायला कोन्याकू नावाच्या कंदाची खळ आणि कामाला शाळकरी मुली. फुगा रात्री थंडीनं आक्रसून खाली येऊ लागला की आपोआप वाळूची एक पिशवी सुटायची, की परत वर. ३ नोव्हेंबरपासून असे नऊ हजारांहून अधिक फुगे बाँब घेऊन निघाले. अमेरिकेत सुमारे तीनशे सापडले. लष्करी उपयोग जवळपास शून्य. मात्र मे १९४५ मध्ये ओरेगनच्या जंगलात सहलीला गेलेल्या मुलांनी असा एक फुगा पाहिला. बाँब फुटला. पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची एक गरोदर बाई गेली. पिशव्यांतली वाळू अमेरिकी भूवैज्ञानिकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती जपानच्या कुठल्या किनाऱ्यांवरची असावी याचा माग काढला, ही एक वेगळीच शोधकथा आहे.

ठाऊक नव्हता तो अमेरिकन वैमानिकांना. २४ नोव्हेंबरला सायपान बेटावरून १११ बी-२९ विमानं टोकियोकडे निघाली, सुमारे २४०० किलोमीटर. लक्ष्य होतं मुसाशिनोचा विमान कारखाना. विमानं जवळपास नऊ किलोमीटर उंचीवर होती, नेमकी ओइशींच्या फुग्याच्या वाटेवर. पश्चिमेकडून वळून लक्ष्याकडे तोंड केलं मात्र, मागून असा रेटा आला की जमिनीवरचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या वर गेला. नेम धरायची यंत्रं इतक्या वेगासाठी बनवलेलीच नव्हती. कारखान्यावर जेमतेम चोवीस विमानांनी बाँब टाकले, त्यातलेही थोडेच आत पडले. पुढच्या मोहिमांत वाऱ्याच्या उलट जाऊन पाहिलं तर विमानं तोफांच्या माऱ्यावर टांगल्यासारखी राहत. आडवं जावं तर भरकटत.

रीड ब्रायसन हा तेव्हा विशी-पंचविशीतला लष्करी हवामानतज्ज्ञ. सहकाऱ्याबरोबर आकडेमोड करून त्यानं मोहिमेआधी अंदाज दिला होता: वरचा वारा १६८ नॉट, म्हणजे ताशी तीनशेच्या वर. सेनापतीला ते अशक्य वाटलं. दुसऱ्या दिवशी परतलेल्या विमानांनी १७० सांगितला. ही हकिगत ब्रायसन पुढे स्वतः सांगत असत.

टोकियोच्या लोकांना त्या वाऱ्यानं काही काळ वाचवलं असं म्हणावं, तर त्याचा शेवट फार भयंकर आहे. उंचावरून नेम लागत नाही म्हटल्यावर, आणि ढगांसह आणखीही कारणं होती, नव्या सेनापतीनं, कर्टिस लमे यानं, विमानं खाली आणली, रात्री पाठवली आणि त्यांत आगीचे बाँब भरले. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री लाकडाकागदाचं ते शहर पेटलं. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेल्याचं मानलं जातं.

युद्ध संपल्यावर विखुरलेले धागे शिकागो विद्यापीठात एकत्र आले. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात जमलेल्या वेधांवरून दाखवलं की ही कुठे जपानची, कुठे ओहायोची अशी स्थानिक लहर नाही. हा पृथ्वीला वळसा घालणारा, नागमोडी, अरुंद पट्टा आहे. विषुववृत्ताकडची गरम हवा फुगून वरपर्यंत चढते, ध्रुवाकडची गार हवा आक्रसून खाली बसते. त्यामुळे दहा किलोमीटरवर एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असा उतार तयार होतो. हवा त्या उतारावरून ध्रुवाकडे घरंगळू पाहते आणि फिरती पृथ्वी तिला वळवून पूर्वेकडे लावून देते. जिथे गरम-गारातला फरक तीव्र, तिथे झोत जोरकस. एका अंगाला सैबेरियाची थंडी आणि दुसऱ्या अंगाला कोमट समुद्र असलेल्या जपानवर तो सर्वांत जोरकस असावा यात नवल नाही. ‘जेट स्ट्रीम’ हे नाव त्यांच्या १९४७ च्या लेखामुळे रूढ झालं. स्टार डस्ट नाहीसं झालं तेही त्याच वर्षी.

मग ज्यानं माणसं मारली त्यालाच वेळापत्रकाच्या जुवाला जुंपलं गेलं. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन अ‍ॅमचं विमान टोकियोहून होनोलुलूला निघालं ते मुद्दाम ७६०० मीटरवर चढून, झोत शोधत. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. अंतर तेच, विमानतळ तेच.

आज अटलांटिकवरचे विमानमार्ग दिवसातून दोनदा नव्यानं आखले जातात. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी झोतावर स्वार व्हायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी त्याला वळसा घालायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. हा आवाजाच्या वेगाहून जास्त. तरी कुठे गडगडाट झाला नाही, कारण भोवतालची हवाच सोबत पळत होती. तिच्या दृष्टीनं विमान नेहमीच्याच चालीनं चाललं होतं.

मुंबई-लंडन हे सुमारे ७२०० किलोमीटर. जायला साडेनऊ-दहा तास, यायला तासभर कमी. आमच्या नात्यातले एक आजोबा मुलीकडे जाऊन आले की दरवेळी सांगत, “पृथ्वी फिरते ना, म्हणून!” पृथ्वी फिरते हे खरं, पण हवेला आणि आपल्यालाही कडेवर घेऊन फिरते. तसं नसतं तर अंगणात उडी मारणारं पोर पलीकडच्या आळीत उतरलं असतं. आजोबांना मी हे एकदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पृथ्वीच फिरवली.

आपल्या डोक्यावर मात्र गंमत आणखी आहे. पश्चिमेचा झोत हिवाळ्यात हिमालयाशी दुभंगून उत्तर भारतावरून जातो आणि पावसाळा आला की उत्तरेला सरकतो. त्याच पावसाळ्यात दक्षिण भारतावर, चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, अगदी उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत उभा राहतो. तो उलगडून दाखवला आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ सालच्या लेखात. उन्हाळ्यात तापणाऱ्या तिबेटच्या पठाराशी त्याचं नातं आहे आणि मोसमी पावसाच्या यंत्रणेतला तो एक मोठा भाग आहे. प्रवासी विमानं सहसा त्याच्याखालून जातात. कोटेश्वरम पुढे खात्याचे महासंचालक झाले.

१९९८ मध्ये तुपुंगातो चढणाऱ्या दोन अर्जेंटिनी गिर्यारोहकांना हिमनदीच्या कडेला एका रोल्स-रॉइस इंजिनाचे अवशेष दिसले. २००० साली लष्कराची तुकडी वर गेली. विमान सरळ डोंगरावर आदळलं होतं, वरून कोसळलेल्या हिमानं ते झाकून टाकलं होतं आणि पुढची पन्नास वर्षं हिमनदी त्याला आपल्या पोटातून इंचाइंचानं खाली आणत होती. पंख्याची वाकलेली पाती सांगत होती की आदळताना इंजिनं नीट चालू होती. अर्जेंटिनाच्या हवाई दलानं चौकशी करून वैमानिकाला निर्दोष ठरवलं. अवशेषांत विमानाची चाकंही होती. त्यातल्या एका चाकाचा टायर शाबूत होता आणि त्यात १९४७ साली भरलेली हवा अजून तशीच होती.